खळ घातलेला स्कर्ट

माझ्या मुलीच्या अंगावरचा स्कर्ट कागदासारखा पेटू शकतो हे मला कळलं, तेव्हा प्रयोगाला पस्तीस मिनिटं उरली होती. आणि तो तसा करून ठेवला होता मीच. या दोन हातांनी, ब्रिस्टलच्या आमच्या घरातल्या सिंकमध्ये, साबुदाण्याची खळ घालून. कुठून मला अवदसा आठवली!

आता नीट सांगते. हे नेहमी म्हणतात की मी शेवट आधी सांगून टाकते आणि मग ऐकणाऱ्याला मागे पळावं लागतं.

आमची मुलगी एकुलती एक. हे भूलतज्ज्ञ, जन्मभर इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी केली. मी त्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये, फायली लावायला. मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागली. आम्ही सगळ्यांना पेढे वाटले. आणि पाच वर्षांपूर्वी एका रविवारी पोहे खाता खाता तिने सांगितलं, "आई, मी जॉब सोडला. मी फुल टाइम डान्स करणार आहे."

डान्स म्हणजे बॅले. लहानपणी शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये क्लास असायचा, सगळ्याच मुली जायच्या म्हणून तीही जायची. गुलाबी मोजे, केसांचा अंबाडा. बरं दिसायचं. पण शाळा संपली तरी तिने ते सोडलं नाही, युनिव्हर्सिटीत सोडलं नाही, नोकरी लागल्यावरही संध्याकाळी क्लासला पळायची. मला वाटायचं, छंद आहे, लग्नबिग्न झालं की सुटेल.

माझं तोंड एकदा सुटलं की मी मागचं-पुढचं बघत नाही. त्या दिवशीही बघितलं नाही. पाय वर करून पोट भरतं का, म्हणाले. माझ्या बहिणीची दोन्ही मुलं मिल्टन कीन्सला आयटीत आहेत, त्यांना मी आता काय सांगू, म्हणाले. अजूनही बरंच म्हणाले, ते इथे लिहीत नाही. आणि सगळं म्हणून झाल्यावर मी गप्प बसले. बोलण्यापेक्षा माझं गप्प बसणं वाईट, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. मुलीने पोह्यांची बशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि गेली.

नंतर आम्ही बोलायला लागलो, नाही असं नाही. जेवलीस का, थंडी आहे का, दिवाळीला येतेस का. पण डान्सचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जायची. तिचे प्रयोग व्हायचे तेव्हा हे जायचे. माझा गुडघा दुखायचा.

गेल्या मार्चमध्ये, मंगळवारी दुपारी, ती अचानक घरी आली. हातात मोठी कापडी पिशवी. पिशवीतून तिने एक स्कर्ट काढून डायनिंग टेबलवर पसरला, तो टेबल भरून खाली लोंबायला लागला.

"आई, याचा हेम, ही खालची दुमड, उसवला आहे. वॉर्डरोबच्या, म्हणजे मंडळाचे कपडे सांभाळणाऱ्या, बाईंकडे खूप काम आहे. तू शिवशील? फक्त हेम."

मी चष्मा लावला. तिने माझ्याकडे असं काही मागून पाच वर्षं झाली होती, ते मी तिला जाणवू दिलं नाही.

कामाबरोबर तिने माहितीही दिली, कारण मी चक्क विचारली. ती ज्या छोट्या मंडळात नाचते ते मंडळ जुने बॅले जुन्या पद्धतीने करतं. हा बॅले व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. तेव्हा नाचणाऱ्या मुली असे घोट्याच्या वरपर्यंत येणारे घेरदार स्कर्ट घालायच्या, एकावर एक पाच-सहा थर. वर घट्ट चोळीसारखं बॉडिस, पाठीवर हुकांची रांग, केसांत कापडी फुलांची माळ. कापडाचं नाव टार्लटन. म्हणजे आपली सुती मच्छरदाणी असते ना, तसं विरळ विणलेलं आणि मुद्दाम कडक केलेलं कापड. त्या कडकपणावर तो सगळा घेर उभा राहतो. बिचाऱ्या मुली गरिबाघरच्या असायच्या, स्वतःचे मोजे रफू करून नाचायच्या. पुढच्या रांगेत कोण उभं राहणार, हे त्यांच्या पायांइतकंच त्यांच्या दिसण्यावर ठरायचं.

"आणि आम्ही दिवे पण खरे लावणार," ती म्हणाली. "स्टेजच्या पुढच्या कडेला, तेलाचे, काचेच्या चिमणीतले. कौन्सिलची परमिशन मिळाली, पण फक्त रविवारच्या एका मॅटिनीसाठी."

ज्योती म्हटलं की मी तिथेच थांबते. माझ्या धाकट्या मावशीची नायलॉनची साडी स्टोव्हवर पेटली होती. मी सात वर्षांची होते, दारात उभी होते. मावशी वाचली, पण नायलॉन वितळून तिच्या मानेला चिकटलं होतं आणि पुढे जन्मभर ती डावीकडे मान वळवू शकली नाही. त्यानंतर आमच्या घरात नियमच झाला, स्वयंपाकघरात सुती साडी. सुती म्हणजे सुरक्षित. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की मी तिला एकच प्रश्न विचारला.

"कापड कुठलं म्हणालीस? सुतीच ना?"

"हो, कॉटन."

"मग ठीक आहे," मी म्हणाले, आणि सुईत दोरा ओवला. इतकी मी शहाणी!

ती गेल्यावर हेम शिवायला मला अर्धा तास लागला. पण स्कर्ट हातात घेऊन बसलं की दिसायला लागतं. रंग मळकट होता. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, जुन्या पंच्यासारखा. हाताला दमट लागत होता, आणि घड्यांमध्ये मिठासारखी बारीक पूड होती. मला वाटलं, घाम. कुणाकुणाच्या घामाचं मीठ साचलंय, आणि हे माझी मुलगी अंगाला लावणार. कमरेच्या पट्टीला लाल दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, धुवू नये.

आता या देशात कुठल्या कपड्यावर असं लिहिलेलं नसतं? साध्या ब्लाउजवर लिहितात, ड्राय क्लीन ओन्ली. चाळीस वर्षं मी ते सगळे ब्लाउज घरी धुतलेत, एकाला काही झालं नाही. मी लाल दोरा सोडला, चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावली आणि सिंकमध्ये गरम पाणी सोडलं.

तीन पाण्यांतून काढला. पहिलं पाणी असं गढूळ निघालं की मी एकटीच मोठ्यांदा म्हणाले, "शी!" मग लंडनला इल्फर्डच्या देशी दुकानातून आणलेली नीळ घातली, दोनच थेंब. पण धुतल्यावर कापडाचा सगळा जीवच गेला, ओल्या फडक्यासारखं लोंबायला लागलं, आणि मी घाबरले. मग आईची आठवण झाली. आई साड्यांना साबुदाण्याची खळ घालायची, पातळ, गाळून घेतलेली. मी तशीच केली. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, उलटा टांगून वाळवला, थोडा ओलसर असतानाच एकेक थर इस्त्री केला. बुधवारचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी तो स्कर्ट खुर्चीवर ठेवला तर आपला आपण उभा राहिला. असा पांढरा, की मी यांना बोलावून दाखवला.

आणि मग मी चिठ्ठी परत बांधली. त्याच लाल दोऱ्याने, त्याच जागी, तशीच गाठ मारून. हे मला आजही सांगायला जड जातं. मला वाटलं, उगाच त्या वॉर्डरोबच्या बाईंना वाईट कशाला वाटायला पाहिजे, की त्यांनी मळका दिला होता.

गुरुवारी मुलगी स्कर्ट घेऊन गेली. संध्याकाळी मी स्वतः फोन केला. "कसा झालाय?"  ती म्हणाली, "खूप सुंदर झालाय, आई." मी म्हणाले, "रविवारी मी येतेय." पलीकडे शांतता. मला वाटलं, आनंदाने बोलती बंद झाली.

रविवारी दुपारी अडीचचा प्रयोग. ते एक लहानसं जुनं थिएटर आहे, आमच्यापासून वीस मिनिटांवर. यांनी मला दारात सोडलं आणि पार्किंग शोधायला गेले. फॉयरमध्ये, बाहेरच्या दालनात, एक छोटा कार्यक्रम चालू होता. वॉर्डरोबच्या बाई, साठीच्या, गळ्यात मेजरिंग टेप, चाळीसेक लोकांसमोर जुन्या पोशाखांची माहिती देत होत्या. मी मागे उभी राहिले. माझ्या कामाचा विषय होता ना! एक हातभार मीही लावला होता.

त्या सांगत होत्या, की त्या काळी स्टेजवर गॅसचे दिवे असायचे, उघडे. टार्लटनचा घेर फिरताना ज्योतीला लागला की संपलं. विरळ सुती कापड, थरांमध्ये हवा भरलेली, पेटायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. विंगेत ओली ब्लँकेट टांगून ठेवायचे, पेटलेल्या मुलीवर टाकायला. मुली जळून जायच्या.

सुती, असं त्या म्हणाल्या. मी स्वतःशी म्हणाले, नाही, नायलॉन म्हणायचं असेल.

मग त्या म्हणाल्या की यावर उपाय तेव्हाही होता. कापड एका क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग ते पेट घेत नाही. पण त्याने रंग मळकट होतो, हाताला पूड लागते, कापड दमट राहतं. मुली ते घालायला तयार नसायच्या. त्यांना पांढरंशुभ्र दिसायचं असायचं.

मळकट, दमट, हाताला पूड लागणारा, तसाच एक माझ्या टेबलावर पडला होता.

वाळू भरलेल्या ट्रेमध्ये त्यांनी एक मेणबत्ती लावली. चिमट्यात कापडाची एक पट्टी धरली, मळकट. ज्योतीवर धरली तर टोक काळं झालं, बस. दुसरी पट्टी पांढरी. ती ज्योतीपाशी नेली मात्र, फस्स झालं आणि चिमट्यात काही उरलंच नाही. लोक हसले, एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. "आमचे सगळे स्कर्ट बुडवलेले आहेत, काळजी नको," बाई म्हणाल्या. "मात्र एकदा पाण्यात घातला की सगळं धुऊन जातं. म्हणून प्रत्येक स्कर्टवर आम्ही चिठ्ठी बांधलीय."

ते गढूळ पाणी मला दिसलं. सिंकमधून गोल फिरत खाली जाणारं. मी त्याला शी म्हणाले होते.

मी ताबडतोब ओरडायला हवं होतं. कुणालाही वाटेल, आई ओरडेल. मी काय केलं? कार्यक्रम संपला, लोक बाईंशी बोलायला थांबले, आणि मी त्या रांगेत उभी राहिले. खरंच! माझ्यापुढे तीन माणसं. चाळीस वर्षं या देशात राहून हे माझ्या हाडात शिरलंय, की आपली पाळी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना बॉडिस ताठ ठेवणाऱ्या व्हेलच्या हाडांविषयी जाणून घ्यायचं होतं. मी मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. यांना लावला, यांचा फोन गाडीत वाजत असणार. 

आणि रांगेत उभी असताना माझ्या मनात काय आलं तेही लिहिते, कारण लिहायचं ठरवलंय. मला वाटलं, नको सांगायला. काही होणार नाही. काचेच्या चिमण्या आहेत, अंतर असेल, हे लोक काळजी घेतात. मी सांगितलं तर त्यांना प्रयोग रद्द करावा लागेल. वर्षभर मुलीने मेहनत घेतलीय, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आई आली ती हे सांगायला, की मी तुझा स्कर्ट नासवला, वर चिठ्ठी बांधून लपवून ठेवलं. ती पुन्हा कधी माझ्याकडे हेमसुद्धा आणणार नाही. इतका वेळ, दोन माणसं पुढे सरकेपर्यंत, मी माझ्या लाजेचा विचार केला. मुलगी जळण्याचा विचार मी तेवढा वेळ बाजूला ठेवू शकले.

मग मावशीची मान आठवली. मी त्या गृहस्थांना बाजूला सारलं, अगदी खांद्याला धरून, आणि बाईंना म्हणाले, "मी एक स्कर्ट धुतलाय."

त्यांना आधी कळलंच नाही. हसून म्हणाल्या, "सॉरी?"

"माझ्या मुलीचा. हेमसाठी आला होता तो. गरम पाण्यात धुतला. साबणाने. आणि चिठ्ठी परत बांधली."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही निघालो. माझा गुडघा, जो पाच वर्षं दुखत होता, तो त्या अरुंद जिन्यावर एकदाही दुखला नाही.

आत हेअरस्प्रेचा आणि ओल्या लोकरीचा वास. विंगेत खरोखरच ओली ब्लँकेट टांगलेली होती, खाली थेंब पडत होते. सहा मुली अंग सैल करत उभ्या होत्या, पाचजणींचे स्कर्ट पंच्याच्या रंगाचे. एक पांढराशुभ्र. तितक्या लांबून मला माझं धुणं ओळखू आलं.

"काढ तो," मी मराठीत ओरडले. "काढ आधी!"

बाईंनी आतल्या थराची बोटभर पट्टी कापली. आम्ही तिघी मागच्या दाराने यार्डात गेलो. मुलीने अंगावर कोट ओढला होता, खाली नुसते गुलाबी मोजे. बाईंनी पाण्याची बादली पायाशी ओढली, पट्टी चिमट्यात धरली आणि लायटर लावला.

फस्स. मी तोंड दुसरीकडे केलं. केलं म्हणूनच मला मुलीचा चेहरा दिसला. ती त्या ज्योतीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

तेव्हा मला दुसरी भीती वाटायला लागली, आणि ती कशाची ते नीट कळेना.

प्रयोगाला अठरा मिनिटं होती. बाईंकडे एक जादा स्कर्ट होता, मंडळ सोडून गेलेल्या एका उंच, रुंद मुलीचा. त्याचीही पट्टी कापून पाहिली, ती नुसती काळी झाली. पण कंबर चांगली वीतभर मोठी. हुक कुठेच पोचेनात. बाई म्हणाल्या, यात काही विशेष नाही, नर्तकीला स्कर्टमध्ये शिवून टाकायचं ही जुनीच पद्धत आहे. त्यांच्या हातात सुई होती. मी ती मागून घेतली. का दिली त्यांनी मला, कोण जाणे. मी तर द्यायच्या लायकीची नव्हते.

"मीच पुन्हा तपासायला हवा होता," जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुलगी आरशासमोर उभी, मी तिच्या मागे. आता आपल्याकडे अंगावरचा कपडा शिवत नाहीत. शिवलाच तर दातांत दोरा धरायचा, म्हणजे अपशकुन लागत नाही. मी काही बोलले नाही, आधीच काय कमी झालं होतं! पण मी पहिला टाका घ्यायच्या आत मुलीने टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला आणि दातांत धरला. शाळेच्या युनिफॉर्मचं बटण मी दारातच टाचून द्यायची, तेव्हा धरायची तसाच.

दोनदा सुई माझ्याच बोटात गेली. रक्त कापडाला लागू नये म्हणून मी बोट तोंडात घातलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

आरशात ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडात दोरा.

"अगं, माहीत होतं का तुला?"

बाहेरून कुणीतरी पाच मिनिटांची हाक दिली. मी गाठ मारली, दोरा तोडला, आणि ती गेली.

मी तिसऱ्या रांगेत येऊन बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत तो पांढरा स्कर्ट. हे धापा टाकत आले, "पार्किंगच मिळेना." माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, बरं वाटत नाहीये का?" मी म्हणाले, "गप्प बसा हो." त्यांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघितल्यासारखा. बघितलीच असेल.

हॉलमधले दिवे गेले. स्टेजच्या कडेला बारा ज्योती, काचांच्या आत. मी त्या मोजल्या, पुन्हा पुन्हा मोजल्या. उजेड खालून येत होता, पिवळा, हलणारा, आणि त्यात ते मळकट स्कर्ट मळकट दिसतच नव्हते. दुधावर साय धरते तसा रंग आला होता त्यांना. मुली फिरल्या की सगळे थर उचलले जायचे, आणि मी खुर्चीच्या हातांना घट्ट धरायची.

माझी मुलगी नाचताना मी पहिल्यांदा बघितली. ती चांगली नाचते. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती चांगली नाचते एवढं कळलं. मला ते बघून रडू यायला हवं होतं, पण भीतीपुढे रडूही येईना. मी तिचे पाय बघत नव्हतेच, स्कर्टची खालची कडा बघत होते.

शेवटी नमस्कार. ती एकटी पुढे आली. स्टेजवर एक पांढरी टेप लावली होती, तिथपर्यंत आली, एक पाय मागे घेतला आणि खाली, अगदी खाली गेली. घेर चारी बाजूंनी पसरला, पुढची कडा काचेपासून हातभर असेल नसेल. तशीच ती थांबली, मान खाली घालून. लोक टाळ्या वाजवत होते.  ती हसतमुखाने उठली, आणि मग कुठे मी खुर्चीचे हात सोडले.

आत गेले तेव्हा बाकीच्या मुली बाहेर फोटो काढत होत्या. ती आरशासमोर माझी वाट बघत उभी होती, शिवलेल्या स्कर्टमधून तिला एकटीला बाहेर येता येत नव्हतं. मी लहान कात्री घेतली आणि एकेक टाका उसवायला लागले. तिने पुन्हा दोरा दातांत धरला होता, उसवायला त्याची गरज नसते तरी.

"तो टाक आता," मी म्हणाले. "आणि सांग."

तिने दोरा हातात घेतला. "गुरुवारीच कळलं, आई. पिशवी उघडली तेव्हाच. तुझ्या साड्यांचा वास येत होता."

"आणि तरी घालणार होतीस?"

"मी दोन स्टेप मागे राहणार होती. टेपपर्यंत येणारच नव्हती. मी सगळं कॅल्क्युलेट केलं होतं." इंजिनिअर शेवटी.

"दोन स्टेप! अगं पण सांगायचं कुणाला तरी! त्या बाईंना सांगायचं, मला सांगायचं!"

"तू फोनवर इतकी खुश होतीस," ती म्हणाली. मग मराठी पुरेना, अर्धं इंग्रजीत. "तू येते म्हणालीस. मी सांगितलं असतं की धुतल्यामुळे स्पॉइल झाला, तर तू परत गप्प बसली असती. परत पाच वर्षं. I couldn't do that again."

माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस या मुलीने दोन भीतींचा हिशेब मांडला होता. एका बाजूला बारा ज्योती, दुसऱ्या बाजूला माझं तोंड मिटून बसणं. आणि तिला ज्योती सोप्या वाटल्या.

मी काही बोलले नाही. बोलायला शब्दच नव्हते, पण तिला ते कसं कळणार. मी गप्प आहे एवढंच तिला दिसलं.

"आई," तिने विचारलं, "रागावली नाहीस ना?"

एकोणतीस वर्षांची बाई. दिव्यांपुढे वाकली तेव्हा तिच्या अंगावर शहारासुद्धा नव्हता, मी तिसऱ्या रांगेतून पाहिलं होतं. आता तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते.

"नाही गं," मी म्हणाले. "नाही रागावले."

तिने आरशात माझा चेहरा बघितला. नीट बघितला, बराच वेळ. मगच तो दोरा टेबलावर ठेवला.